०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०: ठाण्यातल्या गाडीसाठी कोणते ऑइल?

घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या पेट्रोल गाडीत ०डब्ल्यू-२० घालावे की ५डब्ल्यू-३०, हे ठरवताना पुष्कळांची नजर नेमकी बिनकामाच्या आकड्यावर जाते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा असून क्रँकिंगची (सुरू करताना इंजिन फिरवण्याची) चाचणी अनुक्रमे उणे ३५ आणि उणे ३० अंश सेल्सिअसला होते. ठाण्याच्या हिवाळ्यात हा फरक जवळपास निरर्थक आहे.

खरा फरक नंतरच्या आकड्यात आहे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकानुसार १०० अंशांवर २० श्रेणीच्या ऑइलची स्निग्धता (दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स, तर ३० श्रेणीची ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते. पातळ ऑइल ढवळण्यात इंजिनाची शक्ती कमी खर्च होते, म्हणून इंधन थोडे वाचते. मात्र बेअरिंगमधला ऑइलचा थरही पातळ राहतो, आणि तेवढा थर पुरेल अशा बेताने ऑइल पंप व बेअरिंगमधली फट मुळातच ठरवलेली असावी लागते. त्यामुळे मॅन्युअलमध्ये केवळ ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या जुन्या इंजिनात मायलेजच्या आशेने ०डब्ल्यू-२० घालणे मला अयोग्य वाटते. (गॅरेजमध्ये ‘आपल्या उकाड्याला जाडच बरे’ असे सांगतात खरे, परंतु चालत्या इंजिनाचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा थर्मोस्टॅट आणि इंजिनावरचा भार अधिक ठरवतात.)

उलट, ०डब्ल्यू-२०साठी बांधलेल्या इंजिनात ५डब्ल्यू-३०ची मुभा मॅन्युअल देत असेल, तर भरल्या गाडीने, एसी लावून सतत घाट चढणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. मुभा नसेल, तर निदान वॉरंटी संपेपर्यंत घेऊ नये.