फोल्डस्कोपमधून पाहिलेले रस्त्याकाठचे आंब्याचे पान

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी घडवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक मी एकाच कामासाठी घेतला. पुण्यातील सातारा रस्त्याकाठच्या झाडांच्या पानांचे धुळीमुळे नेमके काय होते, हे मला स्वतः पाहायचे होते.

हे उपकरण 140 पट मोठे दाखवते आणि चुंबकाने मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येते. आंब्याच्या पानाच्या वरच्या बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावली, की त्या पानावर किती धूळ साचली आहे ते लख्ख दिसते. रस्त्याकडील पानावर मातीचे ओबडधोबड कण आणि काळे ठिपके दाटीवाटीने होते, तर इमारतीमागच्या झाडाच्या पानावर ते तुरळक होते.

खरी शिकवण पानाच्या खालच्या बाजूने दिली. तिथे रंगहीन नेलपॉलिश लावून, वाळल्यावर त्याचा पापुद्रा अलगद सोडवला, तर पर्णरंध्रांचा, म्हणजे पानाच्या हवा आत-बाहेर करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांचा, ठसा मिळतो. धुळीने पानांची छिद्रे बुजतात असे आपण सरसकट म्हणतो. परंतु आंब्याची पर्णरंध्रे खालच्या बाजूस असतात, आणि माझ्या ठशांत त्यांतील बहुतेक मोकळीच दिसली. वरचा थर पानाचा प्रकाश अडवतो आणि पान अधिक तापवतो, हे नुकसान निराळे. उलट ती मोकळी रंध्रेच सल्फर डायऑक्साइड आणि ओझोन यांना आत जाण्याची वाट देतात, आणि आत गेलेले हे वायू हरितद्रव्याची हानी करतात. पान धुतले म्हणून हा धोका टळत नाही, हे मला हा ठसा पाहताना प्रथमच पुरते उमगले.

वायू अर्थातच या भिंगातून दिसत नाहीत, आणि सुमारे 2 मायक्रॉनहून बारीक कणही त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यामुळे प्रदूषणाचे मोजमाप म्हणून त्याकडे पाहू नये. पारिजातकासारख्या खरखरीत, लव असलेल्या पानांचा ठसाही नीट उमटत नाही. आंबा, वड, पिंपळ अशा गुळगुळीत पानांसाठी मात्र मी फोल्डस्कोप निःशंकपणे सुचवेन.

शाळेच्या निसर्ग मंडळासाठी घ्यायचा असल्यास पावसाळा सरल्यावर निरीक्षणे सुरू करावीत, कारण पावसात पाने धुतली जातात, आणि नोव्हेंबरपासून एकाच फांदीची पाने दर पंधरवड्याला पाहिली तर धुळीचा थर चढत जाताना मुलांना दिसतो.