जायंट फॉरेस्ट : शर्मनला दहा मिनिटं, प्रेसिडेंटला अर्धा तास

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या आईवडिलांच्या यादीत सेक्वोया नॅशनल पार्क हल्ली ठरलेलं असतं. त्यातलं जायंट फॉरेस्ट हे सेक्वोया या अवाढव्य झाडांचं जंगल पूर्ण पैसे वसूल आहे. फक्त बहुतेक लोक तिथल्या जनरल शर्मन या झाडापुढे रांग लावून फोटो काढतात आणि तिथूनच माघारी फिरतात, ते चुकतं.

शर्मनची उंची २७५ फूट, जमिनीलगत घेर जवळपास १०३ फूट, वय अंदाजे २२०० वर्षं. खोडाचं घनफळ सुमारे ५२,५०० घनफूट, आणि जगातलं सर्वांत मोठं झाड हा मान त्याला या घनफळावर मिळालाय, उंचीवर नाही. उंचीत किनाऱ्याकडची रेडवूड झाडं वरचढ. त्यांतलं हायपेरियन ३८० फुटांच्या आसपास आहे. आपल्या जावळीतल्या म्हसव्याच्या वडाशीही याची तुलना करू नये. वड पारंब्या टेकवत आडवा वाढतो, शर्मनचा सगळा पसारा एका खोडात आहे. शेंडा कधीच वाळलाय, त्यामुळे उंची वाढत नाही, घेर वाढतो. २००६ मध्ये याची एक फांदी पडली, तिचा व्यास सहा फुटांहून जास्त होता.

भोवती कुंपण आहे म्हणून कुरकुर ऐकू येते. पण सेक्वोयाला सोटमूळ नसतं, मुळं उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. माणसांच्या पायांनी माती दबली की पाणी मुरत नाही. कुंपणापाशी जाऊन आकार कळतही नाही, कारण आजूबाजूची झाडंही तशीच अवाढव्य. पार्किंगकडून उतरताना वाटेतूनच पूर्ण झाड बघून घ्या.

खरी मजा पुढे, काँग्रेस ट्रेलवर. शर्मनपासूनच सुरू होणारा हा साधारण साडेचार किलोमीटरचा फेरा आहे. दोन तास हाताशी ठेवा. थोडं चाललं की गर्दी विरळ होते. प्रेसिडेंट हे झाड इथलं सर्वांत बघण्यासारखं: वय सुमारे ३२०० वर्षं, उंची २४७ फूट. नाव १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्यावरून पडलं. पुढे सिनेट आणि हाऊस हे झाडांचे दोन घोळके लागतात. फोटोसाठी शर्मनपेक्षा ते बरे, एका चौकटीत पाच-सहा खोडं येतात.

बुंध्यातली काळी भगदाडं बघून झाड मेलं असं समजू नका. साल दोन फुटांपर्यंत जाड असते, म्हणून बऱ्याच आगी झाड सोसतं. उलट धगीने शंकू उघडतात आणि ओटच्या दाण्याएवढं बी मोकळ्या राखेवर पडतं, तिथेच रुजतं. हल्लीचे वणवे मात्र फार भडकतात. २०२१ मध्ये शर्मनच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचं आवरण गुंडाळावं लागलं होतं.

आता त्रासाचं. वोल्व्हर्टन रस्त्यावरच्या पार्किंगपासून शर्मनपर्यंत सुमारे ८०० मीटर उतार आणि पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही. चढताना धाप लागते, कारण इथली समुद्रसपाटीपासूनची उंची सात हजार फुटांच्या घरात, महाबळेश्वर साडेचार हजारच. उन्हाळ्यात मोफत शटल असते. वरून उतरा आणि खालच्या, अपंगांसाठीच्या थांब्यावरून बस धरा, चढ वाचतो. थ्री रिव्हर्स गावाकडून येणारा रस्ता पसरणी घाटाच्या वरताण आहे, ओकारीची गोळी आधी घ्या. २२ फुटांपेक्षा लांब गाडी त्या बाजूने नेऊच नये. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही, टाकी खालीच भरून घ्या.

भडंग, कंदी पेढे, एवढंच काय डोक्याचं तेलही गाडीत ठेवू नका. अस्वलं वासावर येतात आणि गाडीचं दार उचकटतात. पार्किंगला लोखंडी पेट्या आहेत, त्यात ठेवायचं. प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतो, रोख घेत नाहीत. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर वेगळे पडतात. हे पैसे खुपतात, पण निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्याच.

टनेल लॉगमधून, म्हणजे आडव्या खोडात कोरलेल्या बोगद्यातून, गाडी काढायची हौस असेल तर उन्हाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, त्या रस्त्यावर तेव्हा खासगी गाड्या सोडत नाहीत. हे १९३७ मध्ये पडलेलं झाड. बोगदा आठ फूट उंच, नेहमीची गाडी सहज जाते.

एका गोष्टीचं कौतुक करायलाच हवं: या झाडांमधल्या २८२ इमारती १९९७ नंतर पाडून टाकल्या. महाबळेश्वरात नवीन हॉटेल मोजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गुडघे अगदीच साथ देत नसतील तर जायंट फॉरेस्टचा हट्ट नको. उत्तरेला तासाभरावर ग्रँट ग्रोव्ह ही सेक्वोयांची दुसरी राई आहे. तिथलं जनरल ग्रँट हे झाड २६८ फूट उंच, बुंध्याशी शर्मनपेक्षाही रुंद, व्यास ४० फूट. वाट छोटी आणि डांबरी, शिवाय फॉलन मोनार्क या आडव्या पोकळ खोडातून चालत जाता येतं.