ओव्हरटाइम गिळून वाढलेली उत्पादकता : हजेरी प्रणालीच्या फसवणुकीचा अनुभव

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांकडे हजेरी आणि कामगिरी मोजणारी प्रणाली विकणारे प्रतिनिधी सध्या वरचेवर येतात. त्यांच्यापैकी एका विक्रेत्याने रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्याची फसवणूक केली. ती केवळ पैशांची नव्हती, तिच्यात आमच्या कामगारांची मजुरी बुडाली, म्हणून ती कशी घडली हे सविस्तर लिहीत आहे. तक्रार प्रलंबित असल्याने विक्रेत्याचे नाव देत नाही.

आमच्याकडे सीएनसी लेथ आणि मिलिंगवर सुटे भाग तयार होतात. हजेरी, पगारपत्रक आणि हिशेब मी पाहते. पूर्वी मस्टर हाताने भरले जाई, ओव्हरटाइम सुपरवायझरच्या वहीवरून धरला जाई आणि महिनाअखेरीस दोन्हींचा मेळ घालताना दमछाक होई. विक्रेत्याने नेमके हेच दुखणे हेरले. दारावर अंगठा लावायचे यंत्र, सुपरवायझरच्या मोबाइलवर जॉबची नोंद आणि मालकांच्या फोनवर रोज प्रत्येक कामगाराची ‘उत्पादकता’ टक्केवारीत दिसेल, असे त्याने सांगितले. यंत्राची किंमत आणि वर्षभराचे शुल्क त्याने आगाऊ घेतले.

पहिल्याच महिन्याच्या अहवालात दरताशी उत्पादन वाढलेले आणि ओव्हरटाइमचा खर्च उतरलेला दिसला. मालकांना आनंद होणे स्वाभाविक होते. एवढ्या लवकर फरक कसा पडला, असे मी विचारले तेव्हा आपल्या कामाकडे कुणाचे तरी लक्ष आहे हे कळले की माणसे मन लावून काम करतात, असे उत्तर मिळाले. हे उत्तर पटण्यासारखे असते, कारण त्यामागे जुना आधार आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून हा विचार प्रचलित आहे आणि त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले असले, तरी व्यवस्थापनाच्या वर्गांत तो आजही सांगितला जातो. आमच्या डिलिव्हरी चलनांवर मात्र बाहेर जाणारे नग पूर्वीइतकेच होते.

दरताशी उत्पादन काढताना नगांना तासांनी भागायचे असते. नग तेवढेच राहून आकडा वाढत असेल, तर तास कमी धरले गेले आहेत हे उघड आहे. १,००० नगांना २०० तास लागले, तर ताशी ५ नग पडतात. त्यांतले २० तास नोंदीतून पुसले, की तोच आकडा साडेपाचाच्या वर जातो आणि कारखान्यात काहीही न बदलता ११ टक्के वाढ दाखवता येते. आमच्याकडे पुसले गेलेले तास ओव्हरटाइमचे होते.

डिबरिंग (कापलेल्या भागांच्या धारदार कडा काढणे) आणि घासकाम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात कूलंट आणि तेलाचा हात, त्यामुळे ठसा उमटतच नाही. सकाळी हात धुऊन आलेल्या माणसाचा अंगठा यंत्र कसाबसा ओळखते. रात्री काम संपवून निघणाऱ्याचा ओळखत नाही आणि शेवटची बस गाठायची असलेला माणूस पुन्हा पुन्हा अंगठा लावत दारात उभा राहू शकत नाही. सुटण्याची नोंद नसेल, तर ही प्रणाली कोणालाही न विचारता पाळी संपण्याची वेळ तेथे भरत असे. माणूस साडेआठपर्यंत मशीनवर असला तरी कागदावर तो साडेपाचला घरी गेलेला असे. अहवाल स्वच्छ दिसे, तास कमी होत, दरताशी उत्पादन वाढे आणि ‘ओव्हरटाइममधील बचत’ या मथळ्याखाली कामगारांचे बुडालेले पैसे मालकांना यश म्हणून दाखवले जात.

हे उघडकीस आले ते महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली त्या दिवशी. अंगठ्याचे यंत्र दिवसभर बंद होते, एकही मशीन फिरले नाही आणि दुपारी सर्वांना घरी पाठवण्यात आले. तरीही दुसऱ्या दिवशीच्या अहवालात सगळ्यांची येण्याजाण्याची वेळ अगदी पाळीच्या ठोक्याला लागलेली होती आणि प्रत्येक ऑपरेटरपुढे कामगिरीची टक्केवारीही छापलेली होती. मोजलेला एकही आकडा हाती नसताना ही टक्केवारी आली कोठून, याचे उत्तर विक्रेत्याने आजपर्यंत दिलेले नाही. आम्ही अंगठ्यांच्या मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि ग्राहकाला फक्त अहवाल मिळतो, असे सांगण्यात आले.

मग मी वॉचमनची आवक-जावक वही काढून मागील महिन्यांच्या नोंदी एकेका नावासमोर ताडून पाहिल्या. डिबरिंगवरचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी जवळजवळ रोज थांबत होते आणि त्यांच्या खात्यात ओव्हरटाइमचा एक तासही नव्हता. त्यांनी विचारणा केली होती, पण ‘मशीनमध्ये दिसत नाही’ असे सांगून सुपरवायझरने त्यांना परत पाठवले होते. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या शब्दापेक्षा त्या पडद्यावरच्या आकड्याला अधिक वजन मिळाले, याचा मला अजूनही संताप येतो. मालकांनी वहीप्रमाणे सर्वांची थकबाकी चुकती केली, आणि ते आवश्यकच होते. १९४८च्या कारखाना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तो कायम आहे आणि मजुरी बुडाली तर जबाब मालकाला द्यावा लागतो, प्रणाली विकणाऱ्याला नव्हे.

पैशांच्या बाबतीतही फसवणूक निघाली. बिलावर १८ टक्के जीएसटी आकारला होता, पण तो आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट दाखवणाऱ्या पोर्टलवरील विवरणात, कधी आलाच नाही. पोर्टलवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक टाकून पाहिला, तेव्हा ती नोंदणी बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेली आढळली. हा क्रमांक तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि पैसे देण्यापूर्वी ती तपासणी प्रत्येकाने करावी. ग्राहक आयोगाचा मार्ग आम्हाला फारसा उपयोगी नाही, कारण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा साधारणपणे बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला आहे. तो देताना हा दिवाणी वाद असल्याचे ऐकावे लागले, पण वीज बंद असलेल्या दिवसाचा अहवाल आणि महावितरणची सूचना शेजारी ठेवल्यावर अर्ज स्वीकारला गेला. करारात न्यायक्षेत्र दुसऱ्या राज्यातील शहराचे घातलेले आहे. ते कलम सहसा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, तेव्हा सही करण्यापूर्वी ते शोधून वाचावे.

वेळ मोजूच नये, असे माझे म्हणणे नाही. सेटिंगला किती वेळ गेला, माल येण्याची वाट किती पाहिली, टूल किती वेळा बदलले आणि किती नग रिजेक्ट झाले, हे जॉबकार्डवर नीट लिहिले तर वेळ कोठे जातो ते कळते. आमच्याकडे तो प्रामुख्याने माल उशिरा येण्यात जातो आणि त्या प्रणालीच्या एकाही अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. म्हणून विक्रेत्याला टक्केवारी दाखवायला सांगू नका. एका कामगाराची एका दिवसाची मूळ नोंद मागा, ती तुमच्या दारावरच्या वहीशी ताडा आणि नोंद सुटली तर प्रणाली काय भरते, हे लेखी घ्या.

ठशांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०११च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानलेली आहे आणि अंगठा पासवर्डसारखा बदलता येत नाही. आमच्या कामगारांचे ठसे पुसून तसे लेखी कळवावे, असे पत्र आम्ही नोंदणीकृत टपालाने पाठवले, त्याला उत्तर आलेले नाही. अशी प्रणाली ज्यांच्याकडे चालू आहे, त्यांनी आपल्या मूळ नोंदी करार चालू असतानाच स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, कारण आम्ही नूतनीकरणास नकार कळवला त्याच संध्याकाळी आमचे खाते बंद करण्यात आले आणि त्या महिन्याचे पगारपत्रक मला संपूर्णपणे वॉचमनच्या वहीवरून करावे लागले.