क्लबफूटचे बूट आणि दांडी: कोकणातल्या पावसाळ्यात

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल. ते प्लास्टर बदलत बदलत हळूहळू सरळ करायची ती पॉन्सेटी पद्धत; तिची प्लास्टरं संपली की बाळाला मिळतात ते हे दोन बूट आणि मधली दांडी. काम चोख करतात, पण बसवण्यात गफलत झाली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. दांडीची लांबी खांद्यांच्या रुंदीएवढी हवी. आखूड असली की बाळ किरकिरतं. वाकडं पाऊल 60 ते 70 अंश बाहेर, चांगलं 30 ते 40. घालताना गुडघा दुमडा, आधी मधला पट्टा आवळा, नाड्या नंतर. टाचेजवळच्या भोकातून टाच दिसत नसेल तर ती वर सरकलीय. काढून पुन्हा घाला.

चामड्याचा बूट आपल्याकडे जून-जुलैत निव्वळ वैताग! रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत अस्तराला बुरशी धरते, मोजे वाळता वाळत नाहीत. सुती मोज्यांचे सहा जोड तरी ठेवा. खोबरेल मात्र पावलाला नको (आजी रागावली तरी), पाऊल घसरून फोड येतात.

पहिले 3 महिने रोज 23 तास, पुढे झोपेत, साधारण 4 वर्षांचं होईपर्यंत. पाऊल सरळ दिसतंय म्हणून मध्येच सोडलं तर ते पुन्हा वळतं. दांडीला जुनं लुगडं गुंडाळा, नाहीतर कडेवर घेणाऱ्याच्या बरगडीत बसते.