पक्कड, हातोडीचा संच की प्रेस: वारशात आलेली काडतुसं भरायची अवजारं

अमेरिकेत जुन्या घराचं तळघर आवरताना काडतुसं घरी भरायची अवजारं हमखास निघतात. कधी लोखंडी पक्कड, कधी खिशात मावेल एवढा संच, कधी बाकाला बोल्टने घट्ट केलेली प्रेस. तिन्हींचं काम तेच: डागलेल्या पितळी पुंगळीतला जुना प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढायचा, तोंड मापात आणायचं, नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवायची. फरक आहे तो कोणतं अवजार काय करू शकत नाही यात, आणि निवडही त्यावरच करावी.

पक्कड आधी ओळखून घ्या. अशा पकडी बनवणारी आयडियल कंपनी जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये काढली. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे. लायमनने आयडियल हे नाव पुढेही चालवलं, त्यामुळे नुसत्या नावावरून वय ठरत नाही. ठशात न्यू हेवन हे गाव असेल तर वस्तू जुनी, मिडलफील्ड असेल तर लायमनच्या काळातली. पकडीच्या टोकाला गोळी ओतायचा साचा असेल आणि अंगावर एकाच काडतुसाचं नाव कोरलेलं असेल, तर ती काळ्या दारूच्या (जुन्या, धूर करणाऱ्या दारूच्या) जमान्यातली. ती घासून चकचकीत करू नका. हलकं तेल लावून फळीवर ठेवा, संग्राहक त्या काळवंडलेल्या रंगाचेच पैसे देतात.

वापरायजोगी पक्कड म्हणजे लायमनची ३१०. तिच्यात डाय (पुंगळीला मापात आणणारे पोलादी साचे) पिळून बसतात, पण आटे ०.६०९ इंच व्यासाचे, इंचाला ३०. आजच्या प्रेसच्या डाय ७/८ इंच, इंचाला १४ आट्यांच्या असतात, म्हणजे हरवलेली डाय जुन्या बाजारातच शोधावी लागते. प्रायमर बसताना मुठीत जे जाणवतं, ते प्रेसच्या लांब दांड्यात जाणवत नाही. ३१० ची खरी मजा तीच.

मर्यादा मात्र मोठी आहे. ३१० फक्त पुंगळीचा गळा आवळते, अंग नाही. गोळी सुटताना पुंगळी त्या बंदुकीच्या चेंबरएवढी (काडतूस बसायच्या खोबणीएवढी) फुगते, म्हणून त्याच बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट, म्हणजे खिटी, सरकवून बंद करायच्या) रायफलमध्ये ती परत बसते, दुसरीत अडकू शकते. त्याच रायफलमध्येही काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागायला लागतो. गॅरँडसारख्या सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलसाठी नुसता गळा आवळलेली पुंगळी वापरूच नये.

ली कंपनीचा हातोडीचा संच याच पंगतीतला. अरुंद गळ्याच्या रायफल-पुंगळीचा तोही फक्त गळा आवळतो. पुंगळी नळीत मोगरीने ठोकून बसवायची, मग प्रायमरही ठोकूनच. यात प्रायमर अधूनमधून फुटतो, आवाज चांगलाच दचकवतो. चष्मा घाला, कान झाका, तोंड नळीच्या वर आणू नका आणि दारूचा डबा बंद करून लांब ठेवा. एकच रायफल, महिन्याला वीस काडतुसं, एवढंच असेल तर हा संच पुरतो. सोबतच्या जुन्या कागदावरचं दारूचं कोष्टक मात्र वापरू नका. प्रमाण आजच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्या.

दोनतीन बंदुका असतील तर प्रेसच हवी. जुनी असली तरी चालेल, पण चौकट बघा. इंग्रजी सी आकाराची चौकट जोर पडला की किंचित उघडते, ओ आकाराची तग धरते. तपासायला रिकाम्या प्रेसचा दट्ट्या वर नेऊन शेल-होल्डर (पुंगळीचं बूड धरणारी खाच) डायला टेकवा, मग तेल लावलेली पुंगळी घालून तेच करा. आता दोन्हींच्या मध्ये उजेडाची फट दिसली तर पुंगळी पुरती आवळली जात नाही आणि बोल्ट बंद होणार नाही. डाय थोडी थोडी, एका फेऱ्याच्या आठव्या भागाने, खाली घ्या. दट्ट्या आडवा हलत असेल तर गोळी तिरकी बसते. तिथे दुरुस्तीच्या नादी लागू नये.

दारू तोलायचा तराजू निघाला तर ठेवून घ्या. धार आणि टेकू पुसा, शून्य साधा, प्रमाणित वजनाने पडताळा (दारू तोलायचं एकक ग्रेन; १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम). दारू मोजायची जुनी मापं मात्र फक्त शोभेची. काळ्या दारूसाठी बनवलेलं माप त्याहून जोरदार अशा धूरविरहित दारूने भरलं तर बंदूक फुटू शकते आणि हात जाऊ शकतो. बिनचिठ्ठीच्या बरणीतली दारू वासावरून किंवा दाण्यावरून ओळखायला जाऊ नका. आंबूस झणझणीत वास किंवा तांबूस धूर दिसला तर ती सडते आहे. अग्निशमन केंद्राला फोन करून विचारा.

ही अवजारं बॅगेत घालून भारतात आणायचा विचार असेल तर सोडून द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसं बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या शिकारीच्या काळातलं असं काही सापडलं, तर वापरून बघू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी चौकशी करा.