हृदयाचा सोडियम एमआरआय, ७ टेस्ला: साडेतीन स्टार, अर्धा बोटाच्या क्लिपने खाल्ला

आधीच सांगून ठेवतो, डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात तसला हा एमआरआय नाही. रिसर्चला व्हॉलंटियर हवे होते म्हणून गेलो होतो, हृदय माझं ठणठणीत आहे. ७ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१७ मध्ये मान्यता दिली ती डोकं आणि हातापायांपुरती, हृदयासाठी नाही, त्यामुळे छातीचं जे काही चालतं ते अभ्यास म्हणूनच. रिपोर्ट हातात पडेल या आशेने जात असाल तर जाऊच नका.

साधा एमआरआय शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन बघतो आणि हा बघतो सोडियम, म्हणजे मीठच म्हणा ना. पेशीच्या आत सोडियम लिटरमागे १०-१५ मिलिमोल (प्रमाण मोजायचं एकक) आणि बाहेर १४० च्या आसपास, आणि हा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीतला पंप दिवसरात्र तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हार्ट अटॅकमध्ये रक्त पोचलं नाही की पंपाचा खुराक बंद, सोडियम आत घुसतं, आणि पेशी मेल्या की त्यांच्या जागी बाहेरचं खारट पाणी वाढतं. मग स्नायूचा कुठला भाग गेला हे मिठावरून दिसायला हवं, तेही फोटो उठावदार करणारं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न टोचता. कल्पना जुनीच आहे, १९८१ मध्ये उंदराचं बाहेर काढून चालू ठेवलेलं हृदय असं स्कॅन करून झालंय.

अडतं ते सिग्नलवर. सोडियम मुळात हायड्रोजनच्या दहाव्या हिश्शाहून कमी आवाजात बोलतो, त्यात पाण्याच्या मानाने शरीरात तो चिमूटभर, सगळं धरून सिग्नल हजारो पट कमी, आणि जो येतो त्यातला मोठा भाग थोड्या मिलिसेकंदांत विरून जातो. म्हणून एवढं दांडगं मॅग्नेट लागतं.

आता अनुभव. टेबल आत सरकताना गरगरतं, जहाज लागल्यासारखं, तेवढ्यात डोकं अजिबात हलवू नका. छातीवर वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारी अँटेनाच म्हणा) बांधतात कारण ७ टेस्लाला हायड्रोजन सुमारे २९८ मेगाहर्ट्झवर ऐकू येतो आणि सोडियम ७९ च्या आसपास, नेहमीची कॉइल इथे बहिरी. कॉइलजवळ दोन छोट्या बाटल्या चिकटपट्टीने लावल्या होत्या, विचारलं तर म्हणाले मोजून मीठ घातलेलं जेल आहे, फोटोत माझं मीठ मोजायला तीच मोजपट्टी.

आणि मग ईसीजी. मला वाटलं होतं इतक्या भारी मशीनला हृदयाचे ठोके मोजणं म्हणजे काय, किरकोळ काम. पण रक्त खारट, म्हणजे वीज वाहून नेणारं, आणि ते मॅग्नेटमध्ये धावलं की स्वतःच व्होल्टेज तयार करतं, आणि ते नेमकं ईसीजीच्या टी लाटेवर (ठोक्याच्या मुख्य टोकानंतर येणारी छोटी लाट) येऊन बसतं, मग लाट एवढी फुगते की मशीन तिलाच ठोका समजतं. स्क्रीनवर मला एकाला दोन ठोके. शेवटी वायर सोडून बोटाला नाडी मोजणारी क्लिप लावली, ती दहाव्या मिनिटाला घसरली, मी त्यांना बोलवायचं बटण दाबलं, सगळं पहिल्यापासून. तासाभराचं काम सांगितलं होतं, दोन तास गेले. बाटल्यांना चिकटपट्टी लावता, बोटाला का नाही हो?

एक मात्र आवडलं, श्वास रोखायला लावत नाहीत. हृदयाच्या साध्या एमआरआयमध्ये ‘श्वास घ्या, सोडा, रोखा’ ऐकून जीव मेटाकुटीला येतो, इथे सिग्नल इतका बारीक की एका श्वासात काही हाती लागतच नाही, म्हणून १५-२० मिनिटं निवांत श्वास घेत पडायचं आणि कोणता डेटा कुठल्या श्वासातला, कुठल्या ठोक्यातला हे नंतर कंप्यूटर निवडतो. मला तर डुलकी लागली (क्लिप तेव्हाच पडली असावी).

फोटो बघून पहिल्यांदा हसूच आलं. एक ठिपका पाच-सहा मिलिमीटरचा आणि डाव्या कप्प्याची भिंत जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे भिंतीला ठिपके दोनच. मधे रक्ताचा पांढरा गोळा, भोवती करडं कडं, आणि सगळ्यात जास्त चमकत होत्या बरगड्यांच्या कूर्चा, कारण कूर्चेत सोडियम भरपूर. बाजूलाच माझा ७ टेस्लाचा हायड्रोजनचा फोटो होता, रेखीव, पण हृदयावर काळे डाग, कारण त्या फ्रिक्वेन्सीची लाट शरीरात आखूड पडते आणि छातीत कुठे पोचते कुठे नाही. सोडियमची लाट लांब, त्यामुळे त्याचा फोटो धुरकट असला तरी उजेड सगळीकडे सारखा, आणि मीठ मोजायचं तर तेच कामाचं. तरी रक्ताचा पांढरेपणा भिंतीत मिसळतोच, तो वजा करायला वेगळं गणित करतात आणि भिंतीचा आकडा किती खरा हे त्या गणितावर ठरतं. त्यांनीही ते लपवलं नाही, याचा अर्धा स्टार वाढवून दिलाय.

पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, तोच स्कॅन दुसऱ्यांदा, आकडा तोच येतो का बघायला. चिकटपट्टी मी घरूनच नेणार आहे.