ब्लॅकफिश : एका एडिटरच्या नजरेतून

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. त्यामुळे माहितीपट बघतानाही कट कुठे मारलाय याकडेच अर्धं लक्ष असतं. गॅब्रिएला कौपरथ्वेटचा २०१३ सालचा ‘ब्लॅकफिश’ त्यासाठी परत परत बघण्यासारखा आहे.

सुरुवात २०१० साली अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या सी-वर्ल्ड या सागरी प्राण्यांचे खेळ दाखवणाऱ्या पार्कमधून गेलेल्या मदतीच्या फोनने होते. टिलिकम नावाच्या ओर्काने (काळ्या-पांढऱ्या ‘किलर व्हेल’ने) ट्रेनर डॉन ब्रँचो हिचा जीव घेतलाय. मग गोष्ट मागे जाते : १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेलं पिल्लू, कॅनडातल्या पार्कात रात्रभर अंधाऱ्या टाकीत कोंडणं, दुसऱ्या ओर्कांनी ओरबाडणं. तीन माणसांच्या मृत्यूशी नाव जोडलेल्या प्राण्याची बाजू आपण कधी घ्यायला लागलो, ते कळतसुद्धा नाही. सगळी करामत या क्रमाची.

निवेदक नाहीच. बोलतात ते बहुतेक सी-वर्ल्डचेच जुने ट्रेनर. बाहेरचा कार्यकर्ता बोलला की आपण लगेच तराजू काढतो. जो स्वतः शिट्टी घेऊन त्या काठावर उभा होता, त्याचं ऐकून घेतो.

सगळ्यात भारी माणूस मात्र जॉन क्रो. दाढीवाला, रांगडा पाणबुड्या. १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यात पिल्लं पकडायला गेला होता. पिल्लाला स्ट्रेचरवर चढवत असताना बाकीचं कुटुंब थोड्या अंतरावर रांगेत थांबून आवाज देत होतं, हे सांगताना तो कोलमडतो. मेलेल्या ओर्कांची पोटं फाडून दगड भरायला आणि शेपटीला नांगर बांधून बुडवायला लावलं, हेही तोच सांगतो. जुनं चित्रीकरण आहेच, पण पटतं ते त्याच्या चेहऱ्यामुळे.

खटकलं ते आयुर्मानाचं. पार्कातले गाइड ओर्का २५-३५ वर्षं जगतात असं सांगतात आणि लगेच जाणकार मादी शंभरीपर्यंत जाऊ शकते म्हणतो. समुद्रातल्या मादीचं सरासरी आयुष्य पन्नाशीच्या आसपास धरतात, ऐंशी-नव्वद म्हणजे अगदी टोक. गाइडचं पितळ पन्नासनेही उघडं पडलं असतं की! ताणायची गरज काय होती? शेवटी समुद्रातल्या ओर्का बघायला ट्रेनर बोटीतून जातात, तिथलं संगीतही मी निम्मं कापलं असतं.

सी-वर्ल्डने मुलाखत नाकारली, ते पडद्यावर लिहून येतं. त्या गप्प बसण्याचाही सिनेमाला फायदाच झाला. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ओर्कांचं प्रजनन थांबवल्याचं जाहीर केलं. टिलिकम जानेवारी २०१७ मध्ये गेला. आपल्याकडे केंद्राने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन कोंडून खेळ दाखवणाऱ्या जागांना, मनाई केली ती मे २०१३ मध्ये, म्हणजे सिनेमा अमेरिकेत थिएटरला लागायच्याही आधी. तेव्हा ते श्रेय याला देऊ नका.

पाचपैकी चार. लहान मुलांना दाखवू नका. सी-वर्ल्डचा ट्रेनर केन पीटर्सचा पाय धरून ओर्का त्याला तळाशी नेते ते फुटेज खरं आहे, आणि लांबलचक आहे.